‘लष्करी दर्जा’च्या शिक्क्याला भुलून घड्याळ घेऊ नका

सध्या एक निरोप या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. मजकूर साधारण असा: साधं स्मार्टवॉच नाजूक, वर्षभरात फुटतं, थोडे पैसे जास्त गेले तरी रग्ड, म्हणजे आदळआपट सोसणारं दणकट घड्याळच घ्या, ते लष्करी दर्जाचं असतं, ५० मीटर खोल पाण्यात चालतं, काचेवर ओरखडे पडत नाहीत, बॅटरी आठवडाभर टिकते आणि नाडीही जास्त अचूक मोजतं. सल्ला काळजीपोटी दिलेला आहे, हे मान्य. पण त्यातली एकूण एक गोष्ट अर्धवट आहे, आणि त्यापायी नको ते जड घड्याळ लोकांच्या गळ्यात पडतं.

आधी ‘लष्करी दर्जा’. या शब्दामागे असतं मिल-एसटीडी-८१०, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा दस्तऐवज. तो पहिल्यांदा १९६२ मध्ये निघाला. ‘८१०एच’ ही आवृत्ती २०१९ची. त्यात उष्णता, थंडी, खारी हवा, धूळ, कंपनं, आदळआपट अशा चाचण्या कशा घ्यायच्या ते लिहिलं आहे. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते उत्पादकच ठरवतो, आणि ‘हे घड्याळ उत्तीर्ण’ असं प्रमाणपत्र संरक्षण खातं देत नाही. म्हणून एकाच शिक्क्याच्या दोन घड्याळांपैकी एक आपटून पाहिलेलं असू शकतं आणि दुसरं फक्त तापवून. वस्तू १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडण्याची जी चाचणी जाहिरातींत झळकते, तिच्यातही ते २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे! शिवाय हा शिक्का रग्ड आणि साधं यांतला फरकसुद्धा सांगत नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये साधं गॅलक्सी वॉच ७ आणि रग्ड गॅलक्सी वॉच अल्ट्रा एकत्रच आणली. ८१०एचचा उल्लेख दोन्हींवर आहे.

आता पाणी. ‘५० मीटर’ किंवा ‘५ एटीएम’ (एटीएम हे दाबाचं एकक) म्हणजे स्थिर पाण्यातला तेवढा दाब, तोही नव्या कोऱ्या घड्याळावर. तेवढं खोल उतरा, असा त्याचा अर्थ नाही. पोहण्यासाठी ते पुरतं. वेगाने आदळणाऱ्या पाण्यासाठी किंवा स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारण्यासाठी, नाही. ॲपल वॉच अल्ट्रावर १०० मीटर लिहिलेलं आहे, तरी डायव्हिंगसाठी कंपनी ४० मीटरचीच मर्यादा देते. आणि ५० मीटरची ही क्षमता बहुतेक साध्या घड्याळांतही असतेच, तेव्हा त्यासाठी रग्ड कशाला? खरा शत्रू खोली नव्हे, साबण आणि गरम वाफ. घड्याळाच्या आतल्या रबरी सीलना साबणाचं पाणी आणि उष्णता हळूहळू निकामी करतात. घड्याळ घालून गरम पाण्याने आंघोळ करायची सवय असेल, तर रग्ड घड्याळाचं सीलही त्यातून सुटत नाही.

काचेबद्दल थोडक्यात: काही रग्ड घड्याळांना असते ती नीलमणी (सफायर) काच मोह्‌सच्या कठीणतेच्या मापावर ९ वर येते, वाळूतलं क्वार्ट्‌झ ७ वर. त्यामुळे ती ओरखड्यांना सहसा दाद देत नाही, हे खरं. पण कठीण म्हणजे न फुटणारी नव्हे. दगडावर नेमक्या कोनात आपटली तर तीही तडकते.

बॅटरी टिकते ती स्क्रीन कमी वीज खाते म्हणून, किंवा घड्याळाचं कवच मोठं असल्याने आत मोठी बॅटरी मावते म्हणून. मजबुतीशी तिचा संबंध नाही. हलकेफुलके फिटनेस बँडही आठवडाभर चालतातच की.

शेवटचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो: अचूकतेचा. नाडी मोजणारं सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून रक्ताचा ओघ ओळखतं. घड्याळ सरकलं, खाली फट राहिली, की आकडा चुकतो. गॅलक्सी वॉच ७चं मोठं मॉडेल ३३.८ ग्रॅमचं आहे, अल्ट्रा ६०.५ ग्रॅमचं. बारीक मनगटावर जास्त कोणतं हलेल, हे सांगायला नको. माझ्या आईला आम्ही हौसेने असंच दणकट घड्याळ दिलं. रात्री हात अवघडतो म्हणून ती ते उशाशी काढून ठेवते. रात्री ती उठली आणि पडली, तर ते कळवणारं घड्याळ उशाशीच असणार. ही निवड आमची चुकली, तिची नाही.

तरीही ज्यांचे हात दिवसभर लोखंडावर, खडकावर, दोरावर घासतात, त्यांनी रग्ड जरूर घ्यावं. हातमोजे घातलेले असताना किंवा ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, तिथे मोठी बटणं फार कामाची. फक्त खोक्यावर नुसतं ‘८१०एच’ दिसलं, तर नेमक्या कोणत्या चाचण्या घेतल्या ते कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. आघाताची पद्धत क्रमांक ५१६ आहे. ती त्या यादीत नसेल, तर त्या मानकाप्रमाणे ते घड्याळ पाडून तपासलेलं नाही.