घडाघडा वाचतं हो, पण...

पालकसभेत हमखास ऐकू येणारं वाक्य, "मॅडम, पोरगं घडाघडा वाचतं हो, पण पेपरात काही लिहीतच नाही." आता हे वाचा. 'गमल्याने टुपकीवर झिंबा ठेवला.' गमल्याने झिंबा कुठे ठेवला? टुपकीवर! पूर्ण मार्क, आणि कळलं काय तर शून्य. धड्याखालचे कितीतरी प्रश्न असलेच असतात, पोरं हुशार असतात, धडा न कळताही शब्द जुळवून उत्तर शोधायला पटकन शिकतात, वरून गाईड आहेच.

निपुण भारत, म्हणजे लहान मुलांचा वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं केंद्र सरकारचं अभियान, 2021 ला आलं, त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं आहे. शब्द मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं, पण 'अर्थासह' बघायचं तर बाईंना मुलाशेजारी बसून बोलावं लागतं, मग होतं काय की 60 तेवढं रजिस्टरला चढतं.

माझ्या मते आकलन शिकवलं जातं ते गप्पांतून. 'सखूने छत्री कोपऱ्यात उभी केली आणि पदराने तोंड पुसलं.' बाहेर काय चाललं होतं? पाऊस हा शब्दच नाही वाक्यात! कुणी पाऊस म्हणेल, कुणी म्हणेल ऊन, घाम पुसला तिनं. चांगले गुरुजी इथं बरोबर-चूक करत नाहीत, विचारतात "कशावरून रे?" आणि पोरं परत वाक्यात घुसतात, भांडतात, "पुढं वाचा ना गुरुजी" म्हणतात. हे "कशावरून" मला सगळ्या वर्कशीटपेक्षा भारी वाटतं. (पाच मिनिटं वर्गात गोंधळ होतो, तेवढ्यात साहेब व्हिजिटला आले तर मात्र अवघड आहे.)

दुसरं म्हणजे घरची बोली. नंदुरबारकडं पावरी बोलणारं पोर पहिलीत येतं, पुस्तक प्रमाण मराठीत, अक्षरं जुळवून वाचेलही ते, पण अर्थ लागणार कुठून? तिथं बाई आधी चित्रावर पोरांच्या भाषेत बोलू देतात, मग धड्यातले शब्द देतात. वेळ जातो, पण तो वाया गेला असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या वर्गात बसून बघावं.

आणि पालकांनो, घरी "वाच मोठ्यानं" झालं की पुस्तक मिटून फक्त विचारा, तुला यातलं कोण आवडलं नाही आणि का. धड्याखाली हा प्रश्न नसतो, त्यामुळे गाईडमध्ये उत्तर पण सापडत नाही 😄