‘आरपीएफ म्हणजे रेल्वेचे वॉचमन’ या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, रायबागकडच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ब्रिटिशांनी प्रवाशांच्या रक्षणासाठी आरपीएफ, म्हणजे रेल्वे संरक्षण दल, उभारली, पण आता ते नुसते रेल्वेचे वॉचमन उरलेत. त्यांना अटकेचा अधिकार नाही, तेव्हा अडवलं तर खुशाल हुज्जत घाला. गाडीत चोरी झाली तर ते मराठी माणसाची तक्रार मुद्दाम घेत नाहीत. आणि शेडबाळ, म्हणजे हद्दीजवळचं कर्नाटकातलं स्टेशन, मागे पडलं की कर्नाटकात झालेल्या चोरीची तक्रार मिरजेला देता येत नाही.

मेसेज नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण त्यावर विश्वास ठेवून एखादा पोरगा जवानाच्या अंगावर गेला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल, आणि पाकीट मारलं गेलेला माणूस तक्रार न देताच घरी गेला तर चोर पुढच्या गाडीला पुन्हा तयार. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी इतिहास, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. रेल्वे कंपन्यांनी सुरुवातीला स्वतःची माणसं पहाऱ्याला ठेवली. १८६१ चा पोलीस कायदा आल्यावर या पहाऱ्याचं नेमकं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. १८७२ च्या रेल्वे पोलीस समितीने कामाची वाटणी सुचवली: गुन्हे आणि कायदा-सुव्यवस्था सरकारी पोलिसांकडे, मालाची राखण कंपनीच्या माणसांकडे. आपल्या भागात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ पडले ते त्यानंतर, १८८० च्या दशकात. कंपनीच्या या पहाऱ्याला पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ म्हणू लागले. मालधक्का सांभाळायचा, वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, सील तुटलंय का ते बघायचं, यार्डात रात्रीची गस्त घालायची, असं ते काम. प्रवासी त्यांच्या कामात नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये संसदेने रेल्वे संरक्षण दलाचा कायदा केला. त्या कायद्याचा हेतूही रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण एवढाच होता. १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन हे दल ‘संघराज्याचं सशस्त्र दल’ झालं. प्रवासी आणि प्रवाशांच्या वावराची जागा हे शब्द कायद्यात आले २००३ च्या दुरुस्तीने, आणि प्रत्यक्ष अंमल २००४ पासून. म्हणजे मेसेजने इतिहास चक्क उलटा सांगितलाय. ही फौज मालासाठी जन्मली आणि प्रवाशांची जबाबदारी तिच्याकडे जेमतेम वीस-बावीस वर्षांपूर्वी आली.

अटकेचा अधिकार नाही, हे तर धडधडीत खोटं. १९५७ च्या कायद्यातलं कलम १२ विनावॉरंट अटकेचंच आहे. रेल्वेचा माल चोरला किंवा चोरीचा माल जवळ सापडला तर १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा लागतो. त्यात चौकशी आरपीएफचा अधिकारी करतो, न्यायालयात फिर्यादही तोच दाखल करतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रुळाकडेला पडलेलं लोखंड भंगारात घालणाऱ्या पोरांना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. विनाकारण साखळी ओढणं, बायकांच्या डब्यात घुसणं, गाडीवर दगड मारणं, या रेल्वे कायद्यातल्या गुन्ह्यांवरही २००४ पासून आरपीएफ स्वतः कारवाई करते.

यातली एक बाब वकील सोडले तर फार कुणाला माहीत नसते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण १९६६ च्या कायद्याखाली चौकशी करणारा आरपीएफ अधिकारी पुरावा कायद्याच्या अर्थाने ‘पोलीस अधिकारी’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बाळकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटलं. त्यामुळे त्याच्यापुढे दिलेली कबुली अंगावर येऊ शकते. ज्याला वॉचमन समजून हुज्जत घालायला सांगताय, त्याच्यापुढे तोंड सांभाळून बोलावं लागतं, हे त्या मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

आता तक्रारीचं. आरपीएफ चोरीचा एफआयआर घेत नाही, हे खरंय. पण कारण तुमची भाषा नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतल्या दुसऱ्या नोंदीत ‘पोलीस’ या विषयात रेल्वे पोलीसही धरलेत. त्यामुळे प्रवाशाचा मोबाइल, दागिने, पर्स गेली, मारामारी झाली, तर तपास राज्याच्या रेल्वे पोलिसांचा, म्हणजे जीआरपीचा. आरपीएफ रेल्वे मंत्रालयाची. हुबळीचा जवान आणि पुण्याचा जवान एकाच दलाचे, ‘कर्नाटकची आरपीएफ’ असं काही नसतं. आरपीएफ आणि जीआरपी दोघांचीही वर्दी खाकी, म्हणून गल्लत होते. खांद्यावरची अक्षरं वाचा, लगेच कळतं.

म्हणून आरपीएफला सांगूच नये असं नाही. चोर अजून डब्यात असेल तर गाडीतला आरपीएफचा जवानच सर्वांत जवळचा. १३९ वर फोन केला तरी पुढच्या स्टेशनला निरोप जातो. जुना १८२ नंबर २०२१ मध्ये यातच विलीन झाला.

राहिला शेडबाळचा मुद्दा. हा लोकांना पटतो, कारण असा अनुभव आलेले बरेच आहेत. माझी मावशी सांगलीला निघाली होती. घटप्रभा सोडल्यावर तिला डुलकी लागली, आणि कुडचीला जाग आली तेव्हा पर्सच्या पट्ट्याचा ब्लेडने कापलेला वीतभर तुकडा तेवढा खांद्यावर. पुढे उतरल्यावर एका टेबलावर तिला सांगितलं, ‘चोरी कर्नाटकात झाली, बेळगावला जा.’ बिचारी रडत घरी आली. मेसेज लिहिणाऱ्याने कायदा म्हणून सांगितलंय ते हेच टेबलावरचं उत्तर.

कायदा नेमका उलट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवायची. हीच झिरो एफआयआर. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम २०३ प्रमाणे प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला वाटेतल्या कुठल्याही हद्दीतल्या न्यायालयात चालू शकतो. तेव्हा पर्स रायबागच्या अलीकडे गेली की पलीकडे, हे मावशीने सिद्ध करायची गरजच नव्हती. मिरजेच्या रेल्वे पोलिसांनी नोंद करून कागद बेळगावला पाठवायचे असतात.

भाषेची अडचण मात्र मी नाकारत नाही. सीमाभागात मराठी माणसाला सरकारी टेबलापुढे उभं राहताना काय वाटतं, ते मलाही ठाऊक आहे. पण त्यासाठीही हेच कलम १७३ हाताशी आहे. तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायची असते, मगच सही. न कळणाऱ्या भाषेत लिहिलेल्या कागदावर सही करू नका, अर्थ विचारा. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय हलू नका. तरीही नोंद नाकारली तर सगळी हकिगत लिहून रेल्वे पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि त्यांनीही दाद दिली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मावशीला तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तो मेसेज ज्यांनी पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर एवढा शेवटचा परिच्छेद तरी टाकावा.