अजून उजेड दिसतोय

घासलेलं लोखंड परत येत नाही. फिटर ट्रेडचं, म्हणजे मशीनचे भाग घासून-जुळवून बसवण्याच्या कामाचं, सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे, आणि चाचणीची तारीख लागल्यापासून मी ते रोज संध्याकाळी लोखंड घट्ट धरणाऱ्या व्हाइससमोर उभी राहून नव्याने शिकत होते.

आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर ट्रेड करून मी सध्या चाकणच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये ॲप्रेंटिस आहे. सरकारदरबारी मी 1961 च्या कायद्याखालची ‘शिकाऊ उमेदवार’. नातेवाइकांत मात्र माझं पद अजून ठरायचंय. मोठ्या मावशीच्या मते मी नळ बसवते. काकांना ‘फिटिंग’ म्हटल्यावर ब्लाउज आठवतात. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगते, “कंपनीतले सगळे पाने आमचीच सांभाळते,” आणि ऐकणारा मला ग्रंथपाल समजून निघून जातो.

चाचणी कंपनीची अंतर्गत होती. पण आमचे साहेब म्हणाले, “इथे घसरलात तर अखिल भारतीय ट्रेड टेस्टला कोणत्या तोंडाने जाणार?” तिचे भाग तीन: एक फिटिंगचा जॉब (म्हणजे हाताने घडवायचा तुकडा), एका पंपाची खोल-जोड आणि तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरच्या कारखान्यातून येणार होते.

जॉब कागदावर अगदी गरीब दिसतो. माइल्ड स्टीलच्या दोन प्लेटा. एकीला चौकोनी खाच, दुसरीला चौकोनी जीभ. जीभ खाचेत अलगद बसली पाहिजे, उलटी फिरवली तरी बसली पाहिजे, आणि सगळी मापं 0.04 मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजेत. हे सगळं हाताने, कानशीने. आधी बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. डावा पाय पुढे, दाब फक्त पुढे जाताना, आणि कानस डुलता कामा नये. कानस डुलते. तिचा स्वभावच तो. ती डुलली की प्लेटेच्या मध्यावर बारीकसं पोट येतं. मग काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, जॉब ट्यूबलाइटकडे धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की बाजू वाकडी. आयटीआयमधले आमचे निदेशक जॉब परत देताना, “वा, काय उजेड पाडलाय!” एवढंच म्हणायचे, आणि त्यात गुणही कळायचे.

खरा छळ इथून पुढे. पहिली बाजू सपाट झाली. दुसरी तिच्याशी काटकोनात आणायला घासली. दुसरी आली, पण तिसरी आता समांतर राहिली नाही. तिसरी घासली, तर चौथी रुसली. चौथीची समजूत काढेपर्यंत पहिलीला पोट. या प्रदक्षिणेत चारी बाजू एकमेकींशी गोडीगुलाबीने वागू लागतात तेव्हा 50 ची प्लेट 49.80 झालेली असते. आकार निर्दोष, माप गेलेलं. ड्रॉइंग बदलून मिळालं असतं तर मी पहिली आले असते.

एका संध्याकाळी मी उन्हाळ्याला दोषी धरायचं ठरवलं. मापनासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस तापमान प्रमाण मानतात आणि आमच्या शेडमध्ये तेव्हा 38 होतं. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. कागद घेऊन गणित मांडलं. 50 मिलिमीटरचा जॉब, 18 अंशांचा फरक, म्हणजे जेमतेम 0.01 मिलिमीटर. तेवढ्यात शेजारच्या व्हाइसवरचा मित्र म्हणाला, “अगं, उन्हाने लोखंड वाढतं. तुझं कमी झालंय.” थोडं थांबून त्याने आणखी एक खिळा ठोकला, “आणि मापायचा व्हर्नियरपण स्टीलचाच आहे, तोपण तेवढाच वाढणार.” असल्या माणसांना अभ्यासात सोबत घेऊ नये.

आता मामांबद्दल. आमच्या मेंटेनन्सचे सगळ्यात जुने फिटर. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, जीएमसुद्धा. मी मशीन दुरुस्त करायला त्यांच्याकडून शिकले आणि चाचणीची तयारी म्हणजे तेच सगळं विसरायचं, अशी माझी समजूत झाली होती. कारण पुस्तकातली मापं मिलिमीटरची, मामांची सुताची. आठ सूत म्हणजे एक इंच, इथपर्यंत ठीक. पण सुताच्या खाली त्यांच्याकडे ‘नखभर’ आणि त्याच्या खाली ‘केसभर’ अशी उपमापं आहेत. “मोटार केसभर डावीकडे घे,” म्हणतात. कोणाचा केस हे विचारायची सोय नाही. मामांना पूर्ण टक्कल आहे.

पंप आणि मोटार एका रेषेत आणताना पुस्तक डायल गेज लावायला सांगतं आणि मोटारीच्या पायाखाली ठरावीक जाडीच्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, सरकवायला. मामांच्या लॉकरमध्ये थंड पेयांच्या रिकाम्या कॅनचे कापलेले पत्रे आहेत. प्रत्येक पत्रा साधारण 0.1 मिलिमीटरचा. मामा स्वतः चहाशिवाय काही पीत नाहीत. नवीन पोरांना कॅन प्यायला प्रोत्साहन देतात आणि मग उरलेला माल जमा करतात. मी विचारलं, “मामा, परीक्षेत काय सांगू, शिम कुठल्या मटेरियलची?” ते म्हणाले, “संत्र्याची चांगली.”

बेअरिंगचं तसंच. नंबरवरून बोअर, म्हणजे मधल्या भोकाचा व्यास, ओळखायचा हे मला आयटीआयपासून तोंडपाठ होतं: शेवटचे दोन आकडे गुणिले पाच. 6205 म्हणजे 25 मिलिमीटर, 6208 म्हणजे 40. फक्त 00, 01, 02 आणि 03 ही चार भावंडं नियमाबाहेर. त्यांचे बोअर 10, 12, 15 आणि 17, आणि तोंडी परीक्षेत नेमकं यांच्यापैकीच कोणीतरी विचारलं जातं. पण बेअरिंग खराब झालंय हे कसं ओळखाल? पुस्तक म्हणतं कंपन मोजा, तापमान मोजा, आवाज ऐका. मामा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “आठवडाभर चालेल. रविवारी बदलू.” सोमवारी कधी बंद पडलेलं मी पाहिलं नाही.

गंमत पुढे झाली. मी पुस्तक नीट, म्हणजे चित्रांसकट, वाचायला घेतलं आणि त्यात पानोपानी मामा भेटू लागले. नावं बदलून. कानाला लावायचा स्क्रूड्रायव्हर तिथे ‘मेकॅनिकल स्टेथोस्कोप’ होता. शाफ्टवर बेअरिंग बसवताना मामा पाइपाचा एक तुकडा वापरतात, म्हणजे ठोका फक्त आतल्या रिंगवर बसतो आणि गोळ्यांना धक्का लागत नाही. तोच तुकडा पुस्तकात ‘फिटिंग स्लीव्ह’ म्हणून सूटबूट घालून उभा होता. मी मामांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “केवढ्याला देतात?”

एका बाबतीत मात्र दोघांत कधीच फरक नव्हता, तो म्हणजे कुलूप. मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, त्यावर आपल्या नावाचा टॅग, चावी आपल्याच खिशात, आणि मग बटण दाबून मशीन खरंच मेलंय का याची खात्री. प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर उभे राहून घड्याळ दाखवत असले तरी मामा यातली एकही पायरी गाळत नाहीत. बाकी सगळ्यात जुगाड, इथे नाही. मामांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट एका पेराने कमी आहे. “माझी बोटं साडेनऊ,” एवढंच ते सांगतात आणि कामाला लागतात.

चाचणीत या पायऱ्या मोठ्याने बोलत करायच्या असतात, नाहीतर गुण जातात. बोलण्याचा सराव घरी करावा म्हटलं. संधीही चालून आली: मिक्सरच्या बुडाचं रबरी कपलर झिजलं होतं. रविवारी सकाळी, आईने इडलीची चटणी करायला घेतलेली असताना, मी मिक्सरचा ताबा घेतला. “मी वीजपुरवठा बंद करत आहे,” मी जाहीर केलं. “मी प्लग काढत आहे.” प्लगला कुलूप कसं लावणार? कारखान्यात त्यासाठी प्लग आत बंद करणारी प्लास्टिकची डबी मिळते. मी तो आजीच्या पानाच्या डब्यात घातला, वायर फटीतून बाहेर काढली आणि डब्याला कपाटाचं कुलूप लावलं. वर चिठ्ठी: ‘काम चालू आहे. चालू करू नये.’ मग बटण दाबून खात्री केली. मिक्सर चालू झाला नाही.

“नाहीच होणार,” आई म्हणाली. “चटणी आज की उद्या?”

कपलरला उलटे आटे होते, त्यामुळे ते निघायला वेळ लागला. मधल्या वेळात आजीला पानाची तल्लफ आली. नियमाप्रमाणे कुलूप फक्त लावणाऱ्यानेच काढायचं असतं आणि काम संपल्याशिवाय काढायचं नसतं, हे मी तिला शांतपणे समजावलं. आजीने मला जे समजावलं ते इथे देता येत नाही. इडल्या त्या दिवशी तूप-साखरेबरोबर गेल्या.

वडिलांशीही अभ्यास करून पाहिला. “पंपाच्या ग्लँडमधून थेंबथेंब पाणी गळतंय, काय कराल?” हा तोंडीचा लाडका प्रश्न. उत्तर: काही नाही. ते थेंब गळायलाच हवेत, ग्लँडमधलं, म्हणजे शाफ्टभोवती गळती अडवणारं, पॅकिंग त्यांच्यामुळे थंड राहतं. गळती पूर्ण थांबेपर्यंत आवळलं तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टची स्लीव्ह खराब होते. वडिलांनी हे लक्ष देऊन ऐकलं, न्हाणीघरातल्या गळक्या नळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुला जमत नाही असं सरळ सांग. मी प्लंबर बोलावतो.” नळाची गळती ग्लँडची नसून वॉशरची आहे हे सांगेपर्यंत मावशीचं म्हणणं घरात सर्वमान्य झालं होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी जॉब 0.04 च्या आत आला. जीभ खाचेत गेली, उलटी फिरवून गेली. ट्यूबलाइटकडे धरला, काळोख. मी मामांना दाखवायला धावले. त्यांनी तो हातात घेतला, कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बर काढ. परीक्षकाचं बोट कापलं तर नापास करेल.”

बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार किनार, काढत असतानाच ऑफिसमधून निरोप आला. चाचणी आठवडाभर पुढे. परीक्षकांच्या कारखान्यात मोठा ब्रेकडाउन झालाय, ते निघू शकत नाहीत.

“काय झालं असेल हो, मामा?”

“बेअरिंग गेलं असेल,” मामा चहाचा कप ठेवत म्हणाले. “आणि पुस्तकात बघून बदलत असतील. आठवडा लागणारच.”