प्रिटोरियसवाला फॉरवर्ड, जरा खुलासा
आपल्या कोल्हापूरच्या पिक्चरवेड्यांच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की 'ब्राईड ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मध्ये दोन पुरुषांचं प्रेम उघड दाखवलंय. भावांनो, उघड नाही ओ. पिक्चर 1935 चा, आणि 1934 पासून हॉलिवूडची पिक्चरमध्ये काय दाखवायचं याची आचारसंहिता कडक झालेली, तसलं दाखवायला बंदीच. दिग्दर्शक जेम्स व्हेल गे होता हे मात्र खरं. आता सीन बघा, शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाईन आजारी, जवळ होणारी बायको, रात्री त्याचा जुना प्राध्यापक प्रिटोरियस दारात हजर, एकट्याशीच बोलायचंय म्हणतो आणि पुढं दोघं मिळून जीव घडवायला निघतात, बाईची गरजच नाही! म्हणून लोक त्यात दोघांचं छुपं प्रेम वाचतात, मलाही पटतं, मिसळ खाताना यावरनं लई भांडलोय. आणि त्या फॉरवर्डखाली चिकटवलेला फोटो 'ड्रॅक्युलाज डॉटर'चा आहे राव, तो पिक्चरच वेगळा, 1936 चा.