एका बाहीसाठी किती ती वणवण

डोकं फिरलंय आज. एक साधा स्वेटर, पुढून बटणांचा, मोरपिशी रंगाचा. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, उजवी बाही झाली आणि डावी बाही कोपरापर्यंत आली नि लोकर संपली. संपली म्हणजे वीतभर शेपूट हातात उरलं, बस्स. त्या उरलेल्या अर्ध्या बाहीसाठी गेले तीन आठवडे मी ऑनलाइन बघतेय, दुकानं पालथी घालतेय, आणि आता मला कोणीही "अगं छंद आहे ना, एन्जॉय कर" म्हणालं ना तर सुई हातातच आहे एवढं लक्षात ठेवा.

आता कोणीतरी शहाणं म्हणणारच, आधीच जास्त घ्यायची. अहो घेतली होती! हिशोब करून घेतली होती. पॅटर्नमध्ये लिहिलंय १००० मीटर लागेल. ऑनलाइन जिथून घेतली तिथे काय लिहिलंय? १०० ग्रॅम. बस. ग्रॅम! मी काय वजनाने विणणार आहे का? साधारण त्या जाडीच्या लोकरीत १०० ग्रॅमला २०० मीटरच्या वर धागा निघतो, म्हणून पाच गुंडे घेतले, वाटलं थोडी उरेलच. नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून नमुन्याचा तुकडा उसवला, त्यातला २० मीटर धागा मोजून वजनकाट्यावर ठेवला, तर ११ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला जेमतेम १८२ मीटर, पाच गुंड्यांचे मिळून ९१० मीटर, म्हणजे ९० मीटर कमी, म्हणजे बरोब्बर माझी अर्धी बाही. हे गणित त्या विकणाऱ्याने एका आकड्यात सांगितलं असतं. जाडी तीच दिसली तरी सुती दोरा ॲक्रिलिकपेक्षा जड भरतो, म्हणजे तेवढ्याच वजनात लांबी कमी, पिळाप्रमाणे पण फरक पडतो, हे लोकर बनवणाऱ्याला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. तरी गुंड्याच्या कागदी पट्टीवर मीटर छापायला यांचे हात दुखतात.

बरं, म्हटलं जवळच्या दुकानात जाऊन बघू, हातात घेऊन, डोळ्यांनी बघून. गेले. सोबत विणलेली बाही पण नेली. दुकानदाराने एक गुंडा काढला, बाहीला लावला, "घ्या ताई, सेम टू सेम." मी म्हटलं लॉट नंबर काय आहे. तर असं बघितलं माझ्याकडे जसं काही मी त्याच्या घराची कागदपत्रं मागितली. "लॉट बिट काही नसतं हो, कंपनी तीच, शेड नंबर तोच." अरे बाबा, शेड नंबर म्हणजे रंगाचं नाव, लॉट नंबर म्हणजे कुठल्या खेपेत तो धागा रंगवलाय ते! प्रत्येक वेळी पाणी, तापमान, रंगाचं प्रमाण, कशात तरी उन्नीस-बीस होतंच, म्हणून तर तो नंबर वेगळा छापतात. पण इथे छापील पट्टी राहिली असेल तर ना. गुंडे खोक्यातून काढून सगळे एका मोठ्या पिशवीत ओतलेले, अर्ध्यांच्या पट्ट्या निघून तळाशी गेलेल्या. त्याच्याच भाषेत सगळं सेम.

ट्यूबलाइटखाली खरंच सेम दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी घेतला पण. पायरी उतरून उन्हात आले आणि बघते तर बाही हिरवट आणि गुंडा निळसर. दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात, हे माहीत असून मी फसले याचा राग जास्त आलाय खरं तर. परत गेले. "कटिंग केलेलं, उघडलेलं परत होत नाही." उघडलेलं? त्याला पट्टीच नव्हती, उघडणार काय! आणि वर म्हणतो, "बाही आहे ना, कोणाला कळतंय." मला कळतंय! दोन महिने मी ते अंगाखांद्यावर घेऊन बसलेय, मला अंधारात पण कळेल.

मग परत ऑनलाइन. मोरपिशी हा रंग फोटोत कधीच मोरपिशी येत नाही, एका मोबाईलवर आकाशी दिसतो, दुसऱ्यावर पोपटाच्या पिसासारखा, लॅपटॉपवर तर शाळेच्या युनिफॉर्मसारखा. म्हणून विकणाऱ्याला मेसेज केला की बाबा लॉट नंबर अमुक आहे का, आणि पाठवाल ते सगळे गुंडे एकाच लॉटचे पाठवा. उत्तर आलं, "डियर कस्टमर, प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट ओरिजनल आहे." मी ओरिजनल विचारलं का? तरी मागवले तीन गुंडे, आशा वाईट असते. आले तर तीन गुंड्यांवर दोन लॉट नंबर, आणि त्यातला एकही माझा नाही. तक्रार केली तर तेच ठरलेलं वाक्य, फोटोग्राफीमुळे रंगात थोडा फरक पडू शकतो. अहो फोटोग्राफी कुठली, तुमच्याच पाकिटातले दोन गुंडे एकमेकांशी जुळत नाहीयेत, त्यांचा तर मी फोटो पण काढला नव्हता!

रिव्ह्यू वाचून घ्यावं म्हणाल तर ते वाचाच. "खूप छान, वेळेत आलं, अजून वापरलं नाही." पाच स्टार. वापरलं नाही तर छान काय, पाकीट?

आणि हे "प्युअर वूल, सुपर सॉफ्ट" लिहिणाऱ्यांना तर मला एकदा समोरासमोर भेटायचंय. आपण मराठीत सुयांवर चढणाऱ्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो, मी पण या पोस्टमध्ये तेच करतेय, ठीक आहे, बोलण्यात चालतं. पण विकताना नाही ना चालत! मागे एकदा बाळासाठी टोपरं विणायला अशीच "शंभर टक्के लोकर" मागवली होती, हाताला प्लास्टिकसारखी चुरचुरली म्हणून चिमट्यात तुकडा धरून जाळून बघितला. मेंढीची लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत लांब केली की आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. ही वितळली, टपकली, आणि काळा कडक मणी झाला. शुद्ध ॲक्रिलिक. ॲक्रिलिकला माझा विरोध नाही, धुवायला सोपं, मुलांच्या कपड्यांना मस्त, मी भरपूर विणलंय. पण मग ॲक्रिलिक लिहा की. बाळाच्या डोक्यावर काय घालतोय हे आईला कळायला तिने काडेपेटी घेऊन बसायचं का?

जाडीचं तर विचारूच नका. "चार प्लाय." म्हणजे चार पदर. कसले चार पदर, बारीक की जाड? केसाएवढे चार पदर एकत्र पिळले तरी चार प्लाय आणि सुतळीएवढे चार पिळले तरी चार प्लाय. आणि एकच पदर असलेली बोटाएवढी जाड लोकर पण मिळते, मग ती काय सगळ्यात बारीक? एके ठिकाणी चार प्लाय म्हणजे मोज्यांची बारीक लोकर, दुसरीकडे त्याच नावाने स्वेटरची मध्यम. शून्य ते सात असे जाडीचे नंबर ठरवून ठेवलेत, सगळ्यात बारीक लेसपासून सगळ्यात जाड जम्बोपर्यंत, अनेक पाकिटांवर चित्रासकट असतात, पण लिस्टिंगमध्ये कोणी लिहील तर शपथ.

सुयांची तीच रड. "८ नंबरची सुई." कुठला आठ? अमेरिकन आठ म्हणजे ५ मिलिमीटर, जुना इंग्लिश आठ म्हणजे ४ मिलिमीटर, आणि हे दोघं उलट दिशेने चालतात, अमेरिकन नंबर वाढला की सुई जाड, इंग्लिश नंबर वाढला की बारीक. एका मिलिमीटरने काय होतं म्हणे! माझ्या हाताने ४ च्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, ५ वर त्याच लोकरीचे १८. म्हणजे ११० टाक्यांची पाठ एकीवर ५० सेंटिमीटर, दुसरीवर ६१. त्या स्वेटरात मी आणि माझी शेजारीण दोघी जाऊ. मिलिमीटर लिहा, फक्त मिलिमीटर, दोन अक्षरं मिमी.

गोल सुई, म्हणजे वायरने जोडलेली सुयांची जोडी, मागवली तर ८० सेंटिमीटर हे टोकापासून टोकापर्यंत की नुसत्या वायरचं ते सांगत नाहीत, आणि वायर जिथे सुईला जोडलीय तिथे अशी पायरी की प्रत्येक ओळीत टाके अडकतात, नखाने ढकलावे लागतात. एकच चांगली सुई द्या म्हटलं तर ती नसते, ५३ वस्तूंचा सेट असतो. त्यात प्लास्टिकच्या पिना, सुयांच्या टोकांना लावायच्या चार रंगांच्या टोप्या, मोजपट्टी, बोथट कात्री, सगळं सगळं, माझी ४ मिमीची सुई सोडून.

असो. लॉट काही मिळत नाही, हे मी काल रात्री मान्य केलं. आता एकच उपाय उरलाय. नवीन तिघांतला त्यातल्या त्यात जवळचा एक गुंडा निवडलाय, पूर्ण झालेली उजवी बाही उसवायची, डावी पण उसवायची, आणि दोन्ही बाह्या दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नवीन, अशा मिसळून परत विणायच्या, म्हणजे फरक असला तरी दोन्हीकडे सारखाच दिसेल. एवढी सुंदर झाली होती हो ती उजवी बाही. मनगटाची पट्टी तर मी तीनदा उसवून चौथ्यांदा जमवली होती.

टोक सापडलंय. खेचते आता.