'पाण्याच्या रंगात सॉल्व्हंट कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. रंग पाण्यावरचा असेल तर त्यात सॉल्व्हंट हवंच कशाला? आणि २५० अंशांच्या वर उकळणाऱ्या द्रवाला व्हीओसीतून (हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांच्या मोजणीतून) वगळणं ही कंपन्यांची पळवाट नाही का? दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, पहिला नाही.

इमल्शन रंगात बाइंडर, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणारा घटक, बारीक कणांच्या रूपात पाण्यात पसरलेला असतो. पाणी उडालं की हे कण एकजीव होऊन सलग थर बसायला हवा. कण कडक असले तर थराला भेगा पडतात, नाहीतर हात फिरवला की भुकटी निघते. तुम्ही ज्या सॉल्व्हंटबद्दल विचारता तो कोॲलेसंट त्यांना तेवढ्यापुरतं मऊ करतो. तो नको असेल तर बाइंडरच मऊ घ्यावा लागतो. मग रस्त्याकडेची भिंत धूळ धरते आणि खिडकीचं दार चौकटीला चिकटतं. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात पाणी उडता उडत नाही. त्याआधीच कोॲलेसंट उडाला तर थर बसेल कसा? सावकाश उडणारा द्रव निवडण्यामागे हेही कारण असतं.

आता पळवाट. युरोपच्या २००४ च्या निर्देशानुसार २५० अंशांपर्यंत उकळतो तो व्हीओसी. सर्रास वापरला जाणारा टेक्सॅनॉल हा कोॲलेसंट साधारण २५४ ला उकळतो, म्हणजे थोडक्यात सुटला! अमेरिकेतल्या चाचणीत मात्र तो बहुतांशी मोजला जातो. आणि भिंतीतून तो आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर पडतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण युरोपची घरातल्या मॅट रंगाची मर्यादा लिटरला ३० ग्रॅम आणि लॉस एंजेलिस भागातली ५०, म्हणून अमेरिका ढिली, हा तुमचा निष्कर्ष चुकतो. तिकडे व्हीओसीच्या वजनाला पाणी वजा करून उरलेल्या रंगाच्या लिटरने भागतात. लिटरभर रंगात अर्धा लिटर पाणी आणि ३० ग्रॅम व्हीओसी असेल, तर तिथल्या हिशेबाने आकडा ६० होतो. युरोपात पास, तिकडे नापास.

राहिला तुमच्या प्रतिक्रियेतला स्वस्त ईथिलीन ग्लायकॉल, रंगात घातला जाणारा आणखी एक द्रव. तो १९७ ला उकळतो, प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ ला, व्हीओसी दोन्ही. पण पहिला पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी करतो, दुसरा त्यामानाने कितीतरी सौम्य. डब्यावरचा व्हीओसीचा आकडा हा फरक दाखवत नाही. रंग गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालत असाल, तर कोकणात विकायच्या मालात त्याची गरजच नाही. ब्रश नीट फिरावा म्हणून हवा असेल, तर थोडा प्रोपिलीन ग्लायकॉल घाला.