लवकर होईल असा टॉपिक

दरवर्षी नवीन रेसिडेंट, म्हणजे एमडी करायला आलेले डॉक्टर, आले की थीसिसबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं, "मॅडम, लवकर होईल असा टॉपिक द्या ना."

मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवते, म्हणजे आताच्या नावानं कम्युनिटी मेडिसिन, वस्तीच्या आरोग्याचा विषय. या मुलांचा मला राग येत नाही. ओपीडी, फील्ड, कॅम्प, रिपोर्ट आणि त्यातच थीसिस. मग एक प्रश्नावली, दोनशे जणांच्या सह्या, 'नॉलेज, ॲटिट्यूड, प्रॅक्टिस' (लोकांना काय माहीत, काय वाटतं, काय करतात) असं काहीतरी शीर्षक, की सुटले. असे अभ्यास मीही गाइड केलेत. त्यातून एका तरी पेशंटचं काही बदललं का, असं कुणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल.

यंदा एक मुलगी वेगळंच घेऊन आली. वस्तीतल्या हेल्थ पोस्टवर, म्हणजे छोट्या सरकारी दवाखान्यात, बीपीच्या गोळ्या नेणाऱ्या बायका दोन-तीन महिन्यांत यायच्या बंद होतात. कार्डावर पुढचे रकाने कोरे. आम्ही 'डिफॉल्टर' असा शेरा मारतो आणि मोकळे होतो. ही त्यातल्या एका मावशींच्या घरी जाऊन बसली. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, तुमचा दवाखाना नऊला उघडतो आणि आमच्या नळाला पाणी साडेनऊला येतं. पाणी भरू का गोळ्या आणू?" मग तिनं गल्लीवार पाण्याच्या वेळा वहीत उतरवल्या. कोऱ्या रकान्यांचा या वेळांशी मेळ बसतो का, हे तिला बघायचंय. इतका सरळ प्रश्न मला वीस वर्षांत सुचला नव्हता.

पण यात वर्षभर कार्डं चाळावी लागतील आणि संशोधनाचा पेपर निघालाच तर एक निघेल.

परळच्या केईएममध्ये १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर असं रक्त आलं, जे नेहमीच्या कुठल्याच गटाशी जुळेना. 'नमुना खराब असेल' म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं नाही. त्यातूनच 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगाला कळला. या शहरात प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही, ते केसपेपर घेऊन रांगेत उभे असतात.

मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते तो तेव्हा टाटा हॉस्पिटलमध्ये असलेल्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या अभ्यासावर. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. लॅब नको, मायक्रोस्कोप नको. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. दहावी झालेल्या साध्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका त्या अभ्यासात होत्या. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाची तपासणी का केली नाही, हा आक्षेप पुढे घेतला गेला. मलाही तो गंभीर वाटतो आणि वर्गात त्यावर दरवर्षी जोरदार वाद होतो. तो व्हायलाच हवा.

पण काळ बघा. काम सुरू झालं १९९८ मध्ये, निकाल जाहीर झाले २०१३ मध्ये. पंधरा वर्षं! एवढ्या वेळात माणूस लेक्चररचा प्रोफेसर होतो.

माझ्या बढतीच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, "पेपर किती? त्यात तुमचं नाव कितवं?" संपलं. तीन वर्षं खपून मी एका वस्तीचं लसीकरणाचं रजिस्टर घरोघर जाऊन दुरुस्त केलं होतं, सुटलेली मुलं शोधली होती. त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. घरी येताना ट्रेनमध्ये रडू आलं होतं, आज सांगून टाकते.

तिकडे पवईला आयआयटीत प्रा. बी. रवी होते, त्यांचा मूळ विषय धातूंचं ओतकाम. ते वैद्यकीय उपकरणांकडे वळले आणि २०१४ मध्ये तिथे बेटिक हे केंद्र उभं राहिलं, जिथे इंजिनिअर आणि डॉक्टर एका टेबलाशी बसतात. मधल्या वयात असा विषय बदलायची मुभा आमच्याकडे कुणाला आहे? फार्मॅकॉलॉजीचा, म्हणजे औषधशास्त्राचा, माणूस हेल्थ पोस्टवर दिसला तर लोक विचारतात, "इकडे कुठे चुकलात?"

मला दोनच गोष्टी हव्यात. शिकवणाऱ्या डॉक्टरला आठवड्यातला एक अख्खा दिवस संशोधनासाठी मिळावा, ज्या दिवशी त्याला ओपीडीतून फोन येणार नाही. आणि बढतीच्या वेळी एकदा तरी विचारा, तुमच्या कामानं कुणाचं काय बदललं?

त्या मुलीला मी हो म्हटलंय. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे गेलाय. वेळेत संपेल का, माहीत नाही, पण गाइड म्हणून सही माझी आहे. त्या हेल्थ पोस्टची वेळ आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची करता येईल का, हे विचारायला उद्या आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसला जातोय. वही तिच्याकडे आहे, कार्डांच्या झेरॉक्स माझ्याकडे.